रुपया चांदीचा आहे, पण तो खरा आहे का?

आमच्याकडे लक्ष्मीपूजनाला एक पितळी डबा निघतो. आजीने सांभाळलेले राणी छाप आणि राजा छाप मिळून अकरा रुपये त्यात आहेत. त्या एका संध्याकाळी ते पाटावर मांडायचे, हळद-कुंकू वाहायचं आणि दुसऱ्या दिवशी पुसून परत डब्यात ठेवायचे. तीन वर्षांपूर्वी मांडामांड चालू असताना भाच्याने विचारलं, "मावशी, हे खरे आहेत कशावरून?" मला उत्तर देता आलं नाही. आजीचे आहेत म्हणजे खरेच, एवढंच मनात होतं. पण त्यातले दोन आजीच्या पश्चात, एका दिवाळीत बाजारातून आणलेले होते आणि कुठले दोन हे आता कुणालाच आठवत नव्हतं. भाऊबीज झाल्यावर मी काटा, भिंग आणि पाण्याचा पेला घेऊन बसले.

सगळ्यात आधी एक गोष्ट लक्षात आली. आपण 'खरं की खोटं' असा एकच प्रश्न विचारतो, पण त्यात दोन प्रश्न असतात. हा तुकडा चांदीचा आहे का, हा पहिला. आणि हे नाणं त्या साली, त्या टांकसाळीत पाडलेलंच आहे का, हा दुसरा. सराफ पहिल्याचं उत्तर देतो, कारण त्याला चांदी विकत घ्यायची असते. दुसऱ्याचं उत्तर त्याच्या यंत्रात नसतं. आजकालचे हुशार नकलाकार अस्सल चांदीतच दुर्मीळ सालाचं नाणं पाडतात. त्यांची कमाई धातूत नसते, सालात असते. म्हणून "सराफाने तपासून दिलाय" एवढ्यावर जास्तीचे पैसे मोजू नयेत.

पहिल्या प्रश्नापासून सुरुवात करू, कारण तो घरच्या घरी बऱ्यापैकी सुटतो.

ईस्ट इंडिया कंपनीने १८३५ साली कायदा करून आपल्या सगळ्या मुलखासाठी एकच रुपया ठरवला. वजन १८० ग्रेन, म्हणजे ११.६६ ग्रॅम, म्हणजेच बरोबर एक तोळा. चांदी बारा भागांत अकरा, म्हणजे ९१.७ टक्के, बाकीचं तांबं. व्यास साधारण साडेतीस मिलिमीटर. चौथ्या विल्यमपासून व्हिक्टोरिया, सातवा एडवर्ड आणि पाचवा जॉर्ज यांच्यापर्यंत, शंभर वर्षं हे माप बदललं नाही. आपल्या आज्या सोनं 'दोन रुपयेभार' म्हणून सांगायच्या ते यामुळेच. रुपया हेच घराघरातलं वजनाचं माप होतं. जे नाणं स्वतः वजन म्हणून पारड्यात पडायचं, त्याचं वजन चुकलेलं असेल तर पहिली शंका तिथेच घ्यायची.

झिजेने वजन कमी होतं, हे धरायला हवं. १९०६ च्या नाणे कायद्याने मूळ वजनाच्या दोन टक्क्यांपर्यंत झीज चालवून घेतली होती, म्हणजे साधारण ११.४३ ग्रॅमपर्यंतचा रुपया कायदेशीर चलन होता. फार गुळगुळीत झालेला त्याहूनही हलका भरू शकतो. पण ज्याच्यावर राणीचे केस न् केस स्पष्ट आहेत आणि जो साडेदहा ग्रॅम भरतोय, त्याची झीज गेली कुठे? वजन आणि झीज एकमेकांशी जुळलं पाहिजे. दुसऱ्या बाजूला, ११.७५ च्या वर भरणारा रुपयाही संशयितच. टांकसाळ चांदी फुकट वाटत नव्हती.

काटा मात्र ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा हवा. स्वयंपाकघरातला, एकेक ग्रॅमच्या उड्या मारणारा काटा इथे उपयोगाचा नाही. दागिने तोलायचे छोटे काटे आता स्वस्तात मिळतात.

यापुढची परीक्षा मला सगळ्यात आवडते. काट्यावर पाण्याचा छोटा पेला ठेवा आणि आकडा शून्य करा. नाण्याला बारीक दोरा बांधा आणि ते पाण्यात पूर्ण बुडेल असं धरा. पेल्याच्या तळाला किंवा भिंतीला ते टेकता कामा नये, आणि अंगावर हवेचे बुडबुडे राहता कामा नयेत. काट्यावर जो आकडा दिसेल तो नाण्याने बाजूला सारलेल्या पाण्याचा, म्हणजेच नाण्याच्या आकारमानाचा. कोरड्या नाण्याच्या वजनाला त्या आकड्याने भागलं की धातूची घनता मिळते. ९१.७ टक्के चांदीची घनता साधारण १०.३ यायला हवी.

आमच्या डब्यातला १९१८ चा रुपया कोरडा ११.५८ ग्रॅम भरला. पाण्यात आकडा आला १.१२. भागाकार १०.३४. चोख! मग बाजारातून आणल्याचा संशय होता तो घेतला. पाण्यातला आकडा तोच, १.१२, कारण आकार अगदी सारखा. पण कोरडं वजन ९.६२. भागाकार साडेआठच्या जरा वर. ही चांदी नव्हेच. तांबं, जस्त आणि निकेल यांचं जे मिश्रण बाजारात 'जर्मन सिल्व्हर' म्हणून विकतात, त्याची घनता इथेच कुठेतरी असते, आणि पितळेचीही. त्या मिश्रणाच्या नावातच काय ते सिल्व्हर, आत चांदीचा कण नसतो. वर चांदीचा मुलामा दिला की कोऱ्या करकरीत रुपयासारखं दिसतं.

खोटं करणारा वजन जुळवायला नाणं थोडं जाड करतो. मग काट्यावर ११.६ येतं आणि माणूस फसतो. पण तेवढं वजन जुळवायला जास्तीचं आकारमान लागतं, ते पाण्यात उघडं पडतं. शिसं मिसळून घनताही जुळवता येते, पण शिशाचा रुपया वाजत नाही. एकच बजावते: काट्याची ०.०२ ग्रॅमची चूक धरली तर उत्तर १०.१ ते १०.५ पर्यंत हलतं. त्यामुळे तीन-चार वेळा मोजून सरासरी काढा. १०.२ आलं म्हणून लगेच नाणं वाईट ठरवू नका.

आता वाजवण्याबद्दल. 'खणखणीत नाणं' हा शब्द आपण माणसांनाही लावतो. नाणं बोटाच्या टोकावर तोलून धरा आणि दुसऱ्या नाण्याने कडेला हलकेच टिचकी द्या. चांदीचा नाद उंच, स्वच्छ आणि रेंगाळणारा असतो. शिसं किंवा कथील असेल तर आवाज बद्द येतो. फरशीवर आपटून वाजवू नका, कड चेपते आणि एक चांगलं नाणं कायमचं बिघडतं. बद्द आवाजाचं नाणं दर वेळी खोटंच असेल असंही नाही. बारीक चीर गेलेला, किंवा कधीकाळी माळेसाठी कडी झाळलेला अस्सल रुपयाही नीट वाजत नाही. आमच्या अकरांत असा एक आहे. भिंगातून पाहिलं तर राणीच्या डोक्यावर, अगदी कडेला, झाळल्याची खूण घासून काढलेली दिसते. कुणाच्या तरी गळ्यात होता तो.

लोहचुंबक आणि बर्फ यांच्यावर फार वेळ घालवायला नको. नाणं चुंबकाला चिकटलं तर आत लोखंड किंवा निकेल आहे. नाही चिकटलं तर काहीच सिद्ध होत नाही, कारण पितळ, तांबं, शिसं, जर्मन सिल्व्हर यातलं काहीच चिकटत नाही. बर्फ चांदीवर भराभर वितळतो खरा, पण तांब्यावरही वितळतो.

चुंबकाने मला मात्र एका नाण्याच्या बाबतीत चांगलंच चकवलं. १९४७ चा, एका बाजूला सहावा जॉर्ज आणि दुसऱ्या बाजूला वाघ असलेला रुपया टपकन चिकटला. मी त्याला खोट्यांत टाकून मोकळी झाले. नंतर कळलं की १९४७ चे रुपये मुळातच निव्वळ निकेलचे होते, आणि निकेल चुंबकाला चिकटतं. म्हणजे तो चिकटला हाच तो खरा असल्याचा पुरावा. नाणं अस्सल, फक्त चांदी नाही. त्याची मनोमन क्षमा मागून त्याला परत डब्यात ठेवलं.

अशा ठिकाणी खऱ्यालाच खोटं म्हटलं जातं, म्हणून जरा थांबून सांगते. दुसऱ्या महायुद्धात चांदीची चणचण झाली आणि १९४० पासून रुपयातली चांदी ९१.७ वरून ५० टक्क्यांवर आली. उरलेल्यात तांबं, थोडं निकेल आणि थोडं जस्त. वजन तेच ठेवलं. त्यामुळे १९४० ते १९४५ चा रुपया काट्यावर बरोबर भरतो, पण पाण्यात घनता साडेनऊच्या आसपास येते, आणि झिजल्यावर रंग पिवळट दिसतो. तो हिणकस आहे, खोटा नाही. हे हीण सरकारनेच कायद्याने घातलेलं होतं. याच रुपयांच्या कडेला मधोमध एक खाच आणि तिच्यात नक्षी दिसेल. नकली नाणी पाडणं अवघड जावं म्हणून केलेली ती सोय होती. १९४३ चा रुपया आहे आणि कडेला नुसतेच सरळ दाते आहेत, तर सावध व्हा.

मराठवाड्यातल्या घरांत चारमिनार छाप निजामशाही रुपये निघतात. त्यांना हाली सिक्का म्हणायचे. त्यांचं माप वेगळं होतं: वजन ११.१८ ग्रॅमच्या आसपास आणि चांदी ८१.८ टक्के. इंग्रजी रुपयाच्या मापाने पाहिलं तर हलका आणि हिणकस वाटेल, पण हैदराबाद संस्थानचा तो चोख रुपया. गोव्याकडे पोर्तुगालच्या लुईश राजाचे १८८१ आणि १८८२ चे 'उमा रुपिया' मिळतात. ते मात्र इंग्रजी रुपयाच्याच वजनाचे आणि कसाचे आहेत. म्हणून आधी नाणं कुणाचं ते ओळखायचं आणि मगच तोलायचं.

सराफाकडचं टंच काढायचं यंत्र क्ष-किरणांवर चालतं आणि काही सेकंदांत टक्केवारी सांगतं. पण ते वरवरचा अगदी पातळ थर वाचतं. जाड मुलाम्याचं नाणं त्याला चांदीचं वाटू शकतं. उलट, शंभर वर्षांच्या अस्सल रुपयाच्या पृष्ठभागावरचं तांबं निघून गेलेलं असतं, म्हणून तिथे ९१.७ ऐवजी ९३-९४ ही येऊ शकतं. आकडा तंतोतंत जुळला नाही म्हणून घाबरू नका. दोन-तीन ठिकाणी, विशेषतः झिजलेल्या उंचवट्यावर आणि कडेला, वाचन घ्यायला सांगा. कसोटीच्या दगडावर घासून आम्ल टाकण्याची पद्धत खात्रीची आहे, पण तिच्यात नाणं घासलं जातं. आजीच्या रुपयाला मी तसं करू देणार नाही.

आता दुसरा प्रश्न. समजा चांदी खरी निघाली. मग नाणं?

पहिल्यांदा साल वाचा. जुन्या रुपयांवरची सालं दर वर्षी बदलत नव्हती, हे पुष्कळांना माहीत नसतं. व्हिक्टोरियाचा कंपनी रुपया १८४० हेच साल घेऊन वीसेक वर्षं पडत राहिला. पुढचा रुपया १८६२ हे साल घेऊन १८७४ पर्यंत. त्यामुळे कुणी १८५० चा किंवा १८६८ चा राणी छाप रुपया दाखवला तर काटा काढायचीही गरज नाही. १८४० च्या नाण्यावर मागे 'ईस्ट इंडिया कंपनी' असतं, १८६२ पासून 'इंडिया'. राणीचा किताबही बघा: १८७६ पर्यंत 'क्वीन', १८७७ पासून 'एम्प्रेस'. १८६२ साल आणि 'एम्प्रेस' असा मेळ कुठल्याच टांकसाळीने घातलेला नाही, पण बाजारातल्या नकलांवर तो सापडतो. एडवर्डच्या डोक्यावर मुकुट नाही म्हणून त्याला मात्र खोटा ठरवू नका. त्याचे १९०३ ते १९१० चे रुपये तसेच आहेत.

मुंबई टांकसाळीची खूण शोधायला मजा येते. पाचव्या जॉर्जच्या रुपयावर सालाखाली एक छोटं कमळ आहे, आणि त्याच्या खाली बारीकसा उठावाचा ठिपका असला तर तो मुंबईचा. ठिपका नसला तर कलकत्त्याचा. १९१७, १९१८, १९१९ चे रुपये घरोघरी सापडतात त्याला कारण आहे. पहिल्या महायुद्धात इकडे रुपयांची एवढी टंचाई झाली की अमेरिकेने आपल्या खजिन्यातले कोट्यवधी चांदीचे डॉलर वितळवून ती चांदी इकडे विकली, आणि तिचे रुपये झाले. ते मुबलक आहेत. त्यांना चांदीच्या भावापेक्षा फार जास्त मिळत नाही, आणि म्हणून त्यांच्या महागड्या नकला करण्यात कुणाला फारसा रसही नसतो.

रस असतो तो १९३९ मध्ये. ते साल फार थोडं उरलंय, म्हणून १९३८ च्या आठाला कोरून नऊ केलेलं असतं. किंवा १९११ मध्ये. त्या वर्षीच्या रुपयावर पाचव्या जॉर्जच्या झग्यावरचा हत्ती इतका बुटका आणि आखूड सोंडेचा कोरला गेला की लोकांना ते डुक्कर वाटलं. ओरड झाली, नाणी मागे घेतली गेली आणि १९१२ पासून हत्ती नीट काढला गेला. म्हणून १९११ चा रुपया हातात आला की सालाआधी हत्ती बघायचा. साल १९११ आणि हत्ती डौलदार, तर साल कुणीतरी बदललेलं आहे.

हे बघायला दहा पटीचं भिंग पुरतं. टांकसाळीत नाणं ठशांमध्ये प्रचंड दाबाखाली पडतं. धातू दाबाने अक्षरात शिरतो, म्हणून अक्षराची भिंत पायथ्याशी काटकोनात, धारदार उभी राहते. साच्यात ओतलेल्या नाण्याचं तसं नसतं. अक्षरं मेणासारखी मऊ, कोपरे गोलसर, मोकळ्या जागेत सुईच्या टोकाएवढे खड्डे किंवा पुटकुळ्या, आणि कडेला साच्याच्या दोन भागांची सांधरेषा, जी बहुतेक वेळा कानशीने घासलेली असते. ओतलेला धातू थंड होताना आकसतो, त्यामुळे व्यास जरासा कमी भरतो. बदललेल्या सालाचा आकडा शेजारच्या आकड्यांपेक्षा वेगळ्या उंचीचा दिसतो, आणि त्याच्या भोवती घासल्याच्या रेषा असतात.

झीजही बघा. खरं नाणं आधी उंचवट्यांवर झिजतं: राणीचा गाल, राजाची दाढी आणि कान, मुकुटाची कड. काळपटपणा खोलगट जागी, अक्षरांच्या मुळाशी साठतो आणि उंचवटे उजळ राहतात. रसायनात बुडवून म्हातारं केलेलं नाणं सगळीकडे एकसारखं काळं असतं. आणि एक युक्ती, जिच्यातून सुटका नाही: एकाच विक्रेत्याकडे त्याच सालाची दोन नाणी असतील तर दोन्ही शेजारी ठेवून ओरखडे बघा. दोन्हींवर राजाच्या गालावर त्याच जागी तसाच ओरखडा असेल, तर दोन्ही एकाच साच्यातून निघालेली आहेत. दोन वेगळी नाणी वेगवेगळ्या खिशांतून फिरून एकच जखम घेऊन येत नाहीत.

पेशवाईतल्या रुपयांना यातलं बरंचसं लागू होत नाही. पुण्याचा अंकुशी असो की चांदवडचा चांदोरी, हे हाताने पाडलेले. ठसा चकतीपेक्षा मोठा, म्हणून मजकूर अर्धाच उमटतो. नाव दिल्लीच्या बादशहाचं आणि टांकसाळ मराठ्यांची. वजन थोडं इकडेतिकडे असतं, आणि अंगावर सराफांनी मारलेल्या बारीक खुणा असतात. त्या खुणा म्हणजे खोट नव्हे. त्या काळच्या सराफाने पारख करून दिलेली ती सही आहे. थोडी किंमत, म्हणजे बट्टा, कापूनच हे रुपये एका मुलखातून दुसऱ्यात चालायचे. यांची पारख करायला डोळा हजारो नाण्यांवर फिरलेला असावा लागतो. असं नाणं घरात निघालं तर नाणेसंग्राहकांच्या प्रदर्शनात नेऊन दाखवा. आणि खरीखुरी नाणी बघून डोळा तयार करायचा असेल तर मुंबईत फोर्टमधलं रिझर्व्ह बँकेचं चलन संग्रहालय किंवा नाशिकजवळ अंजनेरीचं नाणेसंग्रहालय बघून या.

राम दरबार किंवा हनुमान, आणि दुसऱ्या बाजूला 'ईस्ट इंडिया कंपनी १८१८' असं काही कुणी दाखवलं तर त्यावर अर्धं मिनिटही घालवू नका. कंपनीने असं नाणं कधीच पाडलेलं नाही. जुन्या नाण्याचे लाखो रुपये देतो, आधी नोंदणी शुल्क किंवा कर भरा, असा फोन आला तर तो ठेवून द्या. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर केलंय की आपण अशा व्यवहारांत नसतो आणि कुणालाही आपल्या नावाने शुल्क घ्यायची परवानगी दिलेली नाही. परदेशी राहणाऱ्या मुलांकडे पाठवायचा विचार असेल तर हेही माहीत असू द्या: शंभर वर्षांहून जुनं नाणं कायद्याने पुरावस्तू ठरतं, आणि ते देशाबाहेर नेता येत नाही.

आणि कृपा करून घासू नका. चिंच, लिंबू, रांगोळी, टूथपेस्ट, काहीच नको. शंभर वर्षांत चढलेला तो काळसर थर नाण्याचं रक्षण करतो आणि पारख करणाऱ्याला तोच खूण पटवतो. आमच्या आईने हौसेने दोन रुपये लखलखीत केले होते. चांदी तेवढीच आहे, पण त्यांच्या अंगावर आता वाचण्यासारखं काही उरलेलं नाही.

डब्यात आता दहा रुपये आहेत. प्रत्येक रुपया बटर पेपरच्या घडीत आहे आणि घडीवर भाच्याच्या अक्षरात साल, वजन आणि घनता लिहिलेली आहे. १९४७ च्या घडीवर त्याने वाघ काढलाय. अकरावा, ९.६२ ग्रॅमचा, माझ्या टेबलाच्या खणात असतो. कुणी रुपया तपासायला घेऊन आलं की आधी तो त्यांच्या हातावर ठेवते, मग आजीचा १९१८ चा, आणि डोळे मिटून कुठला जड ते सांगायला लावते.